डोंगराचा होकार

पेट्रोलचा वास अजून वाऱ्याला होता, त्या काळातली ही गोष्ट. धुक्यातल्या एका डोंगरापाशी दरवर्षी मोटरसायकलींचा मेळा भरे. रीत अशी, की प्रत्येकीने डोंगरासमोर गर्जना करायची. प्रतिध्वनी आला, तरच मेळ्यात प्रवेश.

मेळ्याची थोरली होती अमेरिकेहून आलेली जाडजूड मोटरसायकल, गडगडआजी. त्या वर्षी आजीच्याच कारखान्यातली, पण बॅटरीवर चालणारी झुळूक जराही आवाज न करता आली. वर्षभर तिने या मेळ्याचीच स्वप्नं पाहिली होती.

"घसा बसलाय का गं?" एकीने टोमणा मारला.

"आजी, मला आवाजच नाही. परत जाऊ?"

"रीत म्हणजे रीत. डोंगरासमोर उभी राहा. बाकीच्यांनो, इंजिनं बंद करा. हिचं काही ऐकू येतंय का पाहू."

सगळी इंजिनं थांबली. झुळूक डोंगरासमोर उभी राहिली. धुक्यातून आधी गवताची सळसळ आली, मग लांबच्या झऱ्याची खळखळ, मग टिटवीची हाक. मेळ्यात कुणीच हे कधी ऐकलं नव्हतं.

"आजवर हा डोंगर आपलंच आपल्याला परत देत होता," गडगडआजी पुटपुटली. "आज स्वतः बोलला."

ती बाजूला सरकली.

"आत ये, पोरी. आणि इंजिनं एवढ्यात कुणी सुरू करू नका गं."