म्हशीवरचा बगळा

कुरणात म्हशी पुष्कळ होत्या, तेव्हाची गोष्ट. ढवळू नावाचा बगळा चांदरी म्हशीच्या पाठीवर बसून गोचीड टिपायचा. त्यावरच त्याची तीन पिल्लं जगत होती. तळ्यात मासे पकडणारी म्हातारी ढोकरी बगळी त्याला म्हणायची, "हेही शिकून ठेव." तो म्हणायचा, "मला काय गरज?"

एका सकाळी त्याने चोच मारली, तर एकही गोचीड नाही. शेपटीपासून शिंगांपर्यंत शोधलं. काहीच सापडलं नाही.

"काल मालकाने आम्हा सगळ्यांवर औषध फवारलं," चांदरी म्हणाली. "आता दर महिन्याला फवारणार आहेत."

ढवळूला ऐकूनही कळेना. दुपारपर्यंत तो बाकीच्या म्हशींच्या पाठी धुंडाळत राहिला. मग चिंचेवरून भुकेल्या पिल्लांचा ओरडा ऐकू आला, तसा तो मान खाली घालून तळ्यावर गेला.

"मावशी, शिकवशील?"

"आधी पाय हलवू नकोस," ढोकरी एवढंच म्हणाली.

नऊ वेळा नेम चुकला. दहाव्यांदा चोचीत मासा आला. ढवळू इतका चकित झाला की त्याची चोच उघडीच राहिली आणि मासा पाण्यात पडला. तो रडवेला होऊन ढोकरीकडे बघू लागला.

"मासा गेला, विद्या नाही गेली," ती म्हणाली. "पकड दुसरा."