पाटीवरचा चिखल

दर खंडेनवमीला ट्रकांची पूजा होण्याआधी शेवाळेशेठ पांढरा रुमाल फिरवून धुलाईतली खोट काढायचे, आणि प्रेशरच्या पाण्यानं एकट्यानं बारा ट्रक धुणारा भिकाजी पाहुण्यांदेखत बोलणी खायचा. यंदा पाहुणे होते आरटीओचे साहेब. रुमाल कुठेच मळेना. शेवटी शेठना नंबरच्या पाट्या दिसल्या.

“बाराच्या बारा बरबटलेल्या! हा चिखल काय तुझा बाप धुणार? उद्यापासून येऊ नकोस!”

“शेठ, रस्त्यावर उडालेला चिखल मी धुतला,” भिकाजी हात जोडून म्हणाला. “हा तुमच्या हुकमानं ड्रायव्हरांनी लिंपलाय, कॅमेऱ्याला नंबर दिसू नये म्हणून. मालकाचा हुकूम मी कसा धुवून टाकू?”

साहेबांनी हातातला पेढा ताटात ठेवला आणि शेठकडे रुमाल मागितला.