पापणीएवढी तोड

“किती ठेवू तेवढं फक्त सांगा, उस्ताद. बाकीचं मी बघतो.”

दस्तगीर उस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली. “काय किती ठेवू?”

“तोड.”

अभिनंदन चौगुलेने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. उस्तादांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

बंद सूतगिरणीमागच्या याच शेडमध्ये, उस्तादांच्या हाताखाली, त्याने पहिल्यांदा पाना हातात धरला होता. पुढे त्याने बांधलेल्या गाड्या शर्यती मारू लागल्या आणि शेडची वाट त्याच्या पायांना आठवेनाशी झाली. आज सकाळी मात्र तो टेम्पोत शर्यतीची मोटरसायकल घालून दारात हजर. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

“मला ह्यातलं काय कळत न्हाई, लेका. आमच्या वेळी क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. हे यंत्र काय करतं?”

“क्विकशिफ्टर म्हणतात. गिअरच्या दांडीला हा एवढासा सेन्सर बसवलाय. पायानं लिव्हर उचलली की तो इंजिनाची ठिणगी तोडतो. पापणी लवेपर्यंत. हीच ती तोड. इंजिनाचा जोर क्षणभर सुटतो, तेवढ्यात पुढचा गिअर आत. क्लच नको, रेस सोडायला नको.”

“बरं हाय की.”

“साध्या गाडीला बरं आहे. हिला टर्बो लावलाय. इकडं ठिणगी तोडली तरी तो मागनं हवा कोंबतच राहतो. ठिणगी परत आली की...”

तो थांबला.

“की?”

“काही नाही. तुम्ही आकडा सांगा.”

“भ्यालायस व्हय?”

“मी? मी कशाला भिऊ? चालवणारी सन्मती आहे.”

बोलून गेला, आणि मग त्याने लॅपटॉप मिटला. सन्मती त्याची धाकटी बहीण. परवाच्या शर्यतीत या गाडीवर तीच बसणार होती.

उस्तादांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

“सरावात तिसरा गिअर पडला आणि हिसका बसला,” पाणी पिऊन अभिनंदन म्हणाला. “मागचं चाक आडवं गेलं. तिनं सावरलं. हसत उतरली. मी मात्र...”

“मग काय केलंस?”

“तोड वाढवली. गिअरला जरा जास्त वेळ मिळू दे म्हटलं.”

“मग?”

“आणखी मोठा हिसका.”

“मग?”

“आणखी वाढवली.”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. कोपऱ्यात टोचनचा दोर पडला होता, बंद पडलेली गाडी ओढून आणायचा. त्याचं एक टोक त्यांनी अभिनंदनच्या कमरेला बांधलं, दुसरं खांबाला एक वेढा देऊन आपल्या हातात धरलं.

“चाल फुडं. मी सैल सोडंन तसा. थांबू नगोस.”

तो चालू लागला. दोर ताठ होता. उस्तादांनी मूठभर दोर सोडला आणि धरला. कमरेला नुसती चाहूल लागली.

“जोरानं चाल.”

त्यांनी पुन्हा मूठभर सोडला. पुन्हा चाहूल.

मग हातातलं अख्खं वेटोळं एकदम सोडून दिलं. अभिनंदन मोकळा होऊन भराभरा पुढे गेला. उस्तादांनी दोर धरला.

कमरेत कळ गेली. पाय मागे ओढले गेले आणि तो दोन्ही गुडघ्यांवर आदळला.

“लागलं?”

“लागलं.”

“एवढा ढिला कशाला सोडतुस मग?”

अभिनंदन जमिनीवरच बसून राहिला. कमरेची गाठ सोडायचंही त्याला सुचलं नाही. हिसक्याला भिऊन तो तोड वाढवत गेला होता. जितकी लांब तोड, तितकी हवा आणि पेट्रोल न जळता मागे साठायचं. आणि मग ठिणगी एकदम परत यायची. बहिणीला जपायचं म्हणून त्याने रोज तिच्या पाठीमागे आणखी थोडा दोर ढिला केला होता.

तो उठला, कमरेची गाठ सोडली. लॅपटॉप मांडीवर घेतला. तोड कमी केली, आणखी कमी केली. ठिणगी परत येताना एकदम नको, चढत चढत येऊ दे, असं लावलं.

बाहेर स्कूटर थांबली.

“दादा, झालं का? की चहावरच मुक्काम?” सन्मती हेल्मेट काखेत धरून आत आली. वाकून उस्तादांच्या पाया पडली. “ह्याला जरा समजवा हो. आई माझ्यासाठी एकाशनं करतीय, एक वेळ तरी जेवती. हा दोन्ही वेळचं ताट परत पाठवतो!”

उस्ताद हसले. अभिनंदन हसला नाही.

“सन्मती, ते हिसके माझ्यामुळं वाढले. मीच तोड वाढवत गेलो.”

“आणि मला म्हणालास, रस्त्यावर खडी होती.”

“खोटं बोललो. भ्यालो होतो... अजून भितोय. आता बरोबर लावलंय असं वाटतं. पण नुसतं वाटतंय.”

तिने एका हाताचा हातमोजा हळूच काढला आणि तळवा त्याच्यापुढे धरला. तळवा घामाने ओला होता.

“पहिल्या हिसक्यापासून गाडीचं नाव निघालं तरी असं होतं,” ती म्हणाली. “तू म्हणालास सगळं ठीक आहे. मग म्हटलं, आपणच भित्र्या. कुणाला सांगायचं?”

अभिनंदनने लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला.

“आधी टर्बोचा जोर उतरवतो,” तो म्हणाला. “दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. जरा जरी वेगळं वाटलं तर...”

“तर थांबणार. आणि परवाचं?”

“परवाचं आज ठरवायचं नाही.”

“चालेल.”

तिने हातमोजा चढवला. अभिनंदनने टर्बोचा जोर उतरवून गाडी सूतगिरणीच्या मोकळ्या रस्त्यावर आणून उभी केली. सन्मती बसली, पाय टेकवले, हेल्मेटची काच खाली केली.

अभिनंदनने वळून मागे पाहिलं. “उस्ताद, भीती काही जात नाही हो.”

उस्तादांनी आपल्या खांद्यावरच्या फडक्याने टाकीवरची धूळ पुसली.

“इतकं दिस एकेकटं भीत हुतासा. आत्ता कुठं गाडीवर दोघं बसलाय,” ते म्हणाले. “कर चालू.”