गुरुजींचा पंचा

"मग सांगा ना गुरुजी, माझं चुकतंय तरी कुठे?"

ऋजुता तावातावानं विचारत होती. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत दहा माणसं हिच्या हाताखाली. तरी दर शनिवारी सोनवडीच्या शाळेत मुलांना कोडिंग शिकवायला यायची, एक पैसा न घेता. वर्ग दिगंबर गुरुजींचा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण शाळा काही सुटली नाही.

"झैनब म्हणून नवी मुलगी आहे ऑफिसात. सहा महिने झाले, स्वतःचं स्वतः काही जमत नाही. सोमवारी मला लिहून द्यायचंय, ठेवायची की काढायची. हुशार आहे हो पोरगी, जीव तुटतो. किती शिकवलं मी तिला!"



"ताई, माझं मांजर उलटं चालतंय!" चौथीतली कस्तुरी कॉम्प्युटरसमोरून ओरडली.

ऋजुता गेली, तिच्या हातातला माउस ओढला, दोनदा टिकटिक केलं. पडद्यावरचं मांजर सरळ.

"झालं!"

कस्तुरी "हं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गुरुजी उठले. खांद्यावरचा पंचा काढला.

"हात मागे घे."

"अहो, काय हे?"

"घे म्हणतो ना."

आणि खरंच बांधले की हात! पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"कस्तुरे, मांजर पुन्हा बिघडव."

तिनं आनंदानं बिघडवलं. मग ताईकडे बघितलं. ताईची बोटं पंच्यात वळवळत होती. एक मिनिट... दोन मिनिटं...

"बरं," ऋजुता कशीबशी म्हणाली, "तू मांजराला काय काय सांगितलंयस? वाच बघू."

कस्तुरी बोट ठेवून वाचू लागली. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

"अगं बाई! मीच त्याला मागे जा म्हटलंय!"

अशी किंचाळली पोरगी, की सगळा वर्ग धावत आला. मांजर सरळ चालायला लागलं तशी ती बाकावर चढून नाचली.

ऋजुताचे डोळे भरून आले.

"गुरुजी... झैनबचा कीबोर्ड मी रोज ओढून घेते."

गुरुजींनी गाठ सोडली. "पंचा राहू दे तुझ्याकडे."

पुढच्या शनिवारी ती गाडीचं दार उघडंच टाकून, पंचा हातात घेऊन धावत आली.

"राहिली, गुरुजी! झैनब राहिली! सोमवारी तिच्या मागे उभी राहिले, दोन्ही हातांनी पाठीमागे पंचा घट्ट धरून. नुसतं वाच म्हटलं. दोन महिने कुणाला न सापडलेली चूक तिनं दीड तासात काढली, मलासुद्धा नव्हती सापडली! असली ओरडली, अख्खा मजला उठून उभा राहिला! मी लगेच लिहून दिलं, ही मुलगी हवीच."

गुरुजी खूश होऊन मान डोलावत होते.

"ताई, माझं मांजर भिंतीतून आरपार जातंय!"

कस्तुरीच. ऋजुता धावली. हात आपसूक पाठीमागे गेले. पडद्याकडे एकदा बघितलं आणि तिला चूक दिसली.

"अगं सोप्पं आहे, तिथे ना—"

गुरुजींनी मागून तिच्या मुठीतला पंचा अलगद काढून घेतला आणि तिच्यापुढे धरला.

"हात मोकळे सोड आता. आज तोंडाला बांध."