अवडाईचे ऊन पाणी

जरा जपून या. पायऱ्यांना शेवाळ आहे, आणि वाफेत पायरी दिसत नाही. हात धरला तरी चालेल, इथे कुणी कुणाचा हात धरला म्हणून लाजत नाही.

ही डावीकडची नदी. पाय घालून बघा, हाडापर्यंत थंडी जाते. आणि तिच्या कुशीतच हे आमचे कुंड. नदी आणि कुंड यांच्यामध्ये एवढासा दगडी बांध, पण बांधाच्या अलीकडचे पाणी बाराही महिने ऊन असते. कोकणात असे ऊन पाण्याचे झरे पुष्कळ आहेत, त्यांना आम्ही उन्हाळे म्हणतो. कॉलेजची मुले येतात, बाटल्या भरून नेतात, खाली गंधक आहे म्हणून सांगतात. असेल बापडे. मी या निवळखोल गावचा गुरव, देवाची आणि कुंडाची झाडलोट करतो, गंधकातले मला काही कळत नाही. पण दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला गावची मुले घरची न्हाणी सोडून आधी इथे का उतरतात, ते मला ठाऊक आहे. ते सांगतो. बसा त्या दगडावर, ऊन लागेल, घाबरू नका.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा खाडीत गलबते यायची आणि आमच्या नदीतून होड्या थेट बंदरापर्यंत जायच्या. वरच्या अंगाला, जिथे आता ती फणसाची झाडे दिसतात, तिथे दाजीबा खोतांचे घर होते. त्यांच्या बायकोचे नाव अवडाई. दाजीबा अबोल माणूस, घर चालायचे ते अवडाईच्या शब्दावर. आणि अवडाईचा हात असा मोकळा, की तिच्या दारातून कुणी रित्या हाताने गेला असे कधी झाले नाही म्हणे. नवे भात कांडले की पहिले पोहे दारच्याला. नवे लुगडे आले की जुने, आणि कधी कधी जुने ठेवून नवेच, दारच्याला. "घरचं माणूस घरातच आहे, कुठं पळतंय," असे ती म्हणायची. "दारातला मात्र निघून जाईल."

तिला एकच मुलगा होता, धाकू.

दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे आई मुलाला पाटावर बसवते, डोक्याला तेल घालते, अंगाला उटणे लावते, मग हंड्यातले ऊन पाणी तांब्या तांब्याने ओतते. त्यानंतर तुळशीपुढे कारिटाचे कडू फळ फोडायचे आणि पोह्यांना बसायचे. हे सगळीकडचेच आहे. अवडाईही धाकूला पाटावर बसवायची. तेल घालायची. उटणे लावायची. आणि तेवढ्यात दारात हाक यायची, कारण सणाच्या दिवशी खोतांच्या दारात हाक येणार नाही तर कुठे येणार? मग ती म्हणायची, "आले हं." आणि जायची.

एकाला पोहे द्यावेत तोवर दुसरा उभा. दुसऱ्याच्या कडेवरचे पोर रडते म्हणून त्याला गूळ. तिसऱ्याशी सुखदुःखाचे बोलणे, कारण नुसते सुपातले पदरात टाकून मोकळे होणे तिच्या स्वभावात नव्हते. इकडे धाकू अंगाला उटणे लावून पाटावर बसलेला. उटणे वाळून कातडी ओढायला लागायची. हंड्यातले पाणी निवायचे. शेवटी दाजीबा येऊन मुकाट्याने दोन तांबे ओतायचे, थंडच. लहानपणी धाकू रडायचा. मोठा झाला तसा रडायचा थांबला. आईला वाटले, पोर शहाणे झाले.

मिसरूड फुटल्यावरच्या एका दिवाळीला अवडाई दारातून परतली, तेव्हा पाट रिकामा होता. हंड्यातले पाणी निवलेले होते आणि त्याला हात लागलेला नव्हता. ओल्या अंगणात उटण्याची पावले नदीकडे गेली होती. होडीवाल्याने सांगितले, की धाकू बंदरावर उतरला आणि एका गलबतावर चढला. गलबत कुठले, जाणार कुठे, ते त्याला ठाऊक नव्हते. बंदरावरही कुणाला नीट सांगता आले नाही.

दानाचे पुण्य असते म्हणतात. अवडाईला त्या दिवशी ते पुण्य नको झाले होते. माणूस मेले तर रडून घ्यावे. हिचा मुलगा जिवंत होता आणि कुठे आहे ते ठाऊक नव्हते. सकाळी उठली की पहिला विचार तोच, आता हा कुठे असेल.

पुढच्या दिवाळीपासून तिने नेम धरला. पहाटे उठून हंडा चुलीवर चढवायचा, धाकूचा पाट मांडायचा, तेलाची वाटी भरून ठेवायची, आणि दार लावून घ्यायचे. दारात हाका यायच्या. पोह्यांची सुपे आदल्या संध्याकाळीच पडवीत भरून ठेवलेली असायची, ज्याने त्याने हाताने घ्यावे. बाई बाहेर यायची नाही. तिचे एकच म्हणणे, आता तो आला तर पाणी ऊन असले पाहिजे आणि मी घरात असले पाहिजे. हंड्याखालचा जाळ ती दिवस चढेपर्यंत विझू द्यायची नाही. तो यायचा नाही. मग ते पाणी केळीच्या मुळाशी ओतायचे. कुणालाही त्यातला तांब्याभर द्यायची नाही, दाजीबांनासुद्धा नाही. बघा, माणूस कसे असते. आधी दारापायी घर गेले, मग घरापायी दार.

अशा बऱ्याच दिवाळ्या गेल्यावरची एक पहाट. धुके इतके, की अंगणातली तुळस दिसत नव्हती म्हणे. पडवीत कुणीतरी खोकले. अवडाईने आतूनच सांगितले, "सूप भरलंय, घेऊन जा."

"पोहे नकोत गो माय," बाहेरून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "सणाची होडी बंद, म्हणून नदी अंगावरनं आलो. गारठलोय. चुलीवर पाणी तापतंय तुझ्या, वास येतोय धुराचा. तांब्याभर घालशील डोक्यावर?"

अवडाईने दार उघडले. म्हातारा निथळत उभा होता. तिने त्याला घोंगडी दिली, कोरडे धोतर दिले, शेगडीशी बस म्हणाली. पाण्याचे नाव मात्र तिने काढले नाही.

"कपडा आहे माझ्याकडं," म्हातारा म्हणाला. "सणाचा दिवस आहे. डोक्याला तेल लावणारं माणूस उरलं नाही कुणी, म्हणून म्हटलं."

"ते पाणी माझ्या लेकाचं आहे," अवडाई म्हणाली.

"असं होय," म्हातारा म्हणाला, त्याने घोंगडी पायरीवर ठेवली आणि खाली नदीकडे गेला. त्याला राग आला नव्हता. राग आला असता तर बरे झाले असते, असे अवडाईला वाटले असावे.

ती आत आली. हंड्यात हात घातला. जाळ होता तरी पाणी निवत चालले होते, आणि थोड्या वेळाने ते केळीला जाणार होते, नेहमीसारखे. ती तशीच हात बुडवून उभी राहिली. धाकूही कुठल्याशा परक्या किनाऱ्यावर असाच ओला उभा असेल, आणि तिथली एखादी बाई आपल्या लेकाचे पाणी राखून बसली असेल, असे तिच्या मनात आले. तिने हंडा उतरवला, कमरेवर घेतला. दाजीबा चुलीशी बसले होते. ते म्हणाले, "अगो, ते धाकूचं ना?"

"पाट आणि तेल घेऊन या मागनं," ती म्हणाली.

म्हातारा इथेच बसला होता, तुम्ही बसलात त्या दगडावर. अवडाईने त्याला पाटावर घेतले. डोक्याला तेल घातले, दाबून, मुरवून, जसे घरच्याला घालतात तसे. दाजीबांनी पाठीला उटणे चोळले. मग ती पाणी ओतू लागली. मध्येच वरून हाक आली असती तरी ती गेली नसती. ओतता ओतता तिने त्याला घरचे विचारले आणि तो सांगत बसला. मेलेली बायको, लांब दिलेली मुलगी, सगळे. तिने सगळे ऐकले. बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आले, की हंडा जेवढा होता तेवढाच आहे, आणि पाणी कढत नाही, निवतही नाही, अंगाला सोसेल तसे ऊन आहे.

धुक्यातून आणखी माणसे आली. घाट उतरून आलेले धनगर, ओली लाकडे घेऊन निघालेल्या बायका, होडी बंद म्हणून अडकलेले वाटसरू. एकेक जण पाटावर बसत गेला. ऊन पडले तेव्हा अवडाई हंडा उचलायला गेली, तर तो हलेना. जमिनीत रुतला होता आणि काठावरून पाणी वाहत होते. तोच हा झरा, असे सांगतात. हंडा अजून खाली आहे म्हणे. आमच्या पंजोबांनी एकदा बुडी मारून बघितले होते, पण काय दिसले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही.

तो म्हातारा कोण? देव, असे बरेच जण म्हणतात. गोष्टीत म्हातारा आला की तो देवच असायचा, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. मला विचाराल तर माणूसच असावा. देवाला कशाला थंडी वाजेल?

पण गोष्ट इथे संपत नाही. झरा मिळाला, मुलगा मिळाला नव्हता.

त्यानंतर दर दिवाळीच्या पहाटे अवडाई इथे येऊन बसू लागली. दाजीबा उटणे कालवायचे, ती तेल घालायची, पाणी ओतायची. ज्याला घर नाही, ज्याचे घर लांब आहे, तो येऊन पाटावर बसायचा. ती प्रत्येकाला विचारायची, "कुठला रे तू? घरी कोण आहे?" वय झाले, डोळ्यांवर पडदा आला, माणसे तिला वाफेतल्या सावल्यांसारखी दिसू लागली. तरी प्रत्येकाला तेवढेच तेल आणि तोच प्रश्न.

एका दिवाळीला कुणीतरी येऊन पाटावर बसले. बाप्या माणूस, केस खारट वाऱ्याने राठ झालेले. तिने तेल घातले.

"कुठला रे तू?"

"बंदरावरनं आलो."

"घरी कोण आहे?"

माणूस म्हणाला, "आये आहे. दिवाळीला अंगाला उटणं लावून बसवायची आणि 'आले हं' म्हणून दारात जायची. तोवर पाणी निवायचं."

अवडाईचे हात त्याच्या डोक्यावर तसेच राहिले. दाजीबांच्या हातातली उटण्याची वाटी पाण्यात पडली, ती त्यांनी उचलली नाही. नदी तेवढी वाजत होती.

मग अवडाईने तांब्या भरला आणि त्याच्या डोक्यावर ओतला. सावकाश, सगळा.

"आज निवलं नाही ना रे?" तिने विचारले.

"नाही गो आये," धाकू म्हणाला. "ऊन आहे."

ती रडली. मोठ्याने रडली, लोकांपुढे. सांगायला लाज कशाची?

मागे एक वाटसरू उभा होता. त्याची पाळी होती, नदी ओलांडून आलेला, कुडकुडत होता. अवडाईने त्याच्याकडे हात केला आणि आयुष्यात पहिल्यांदा दारच्या माणसाला म्हणाली, "थांब रे बाबा जरा. माझा लेक आलाय."

"नको थांबवू त्याला," धाकू म्हणाला. "ओला आहे तो." तो पाटावरून उठला, आईच्या हातातला तांब्या घेतला आणि तिला दगडावर बसवले. "तू तेल घाल. पाणी मी घालतो."

त्या दिवशी दुपारपर्यंत दोघे इथेच होते. खांद्याला खांदा लावून. सांगतात, की आई आणि मुलगा एवढा वेळ एकत्र बसल्याचे गावाने त्याआधी कधी बघितले नव्हते. मधल्या वर्षांत तू कुठे होतास, हे तिने त्याला विचारले की नाही, याची काही आठवण गावात राहिलेली नाही. पोहे म्हणे सगळ्यांनी इथेच खाल्ले, वाटसरूंसकट, एकाच केळीच्या पानांवर.

आजही दिवाळीला मुंबईहून, पुण्याहून, आता तर दुबईहूनसुद्धा आमची मुले येतात, ती पहाटेच्या एसटीतून उतरली की आधी घरी जात नाहीत. पिशवी पाठीला तशीच, ती इथे येतात. वाफेत जे कुणी अनोळखी बसलेले असेल, ट्रकवाला असो, ऊसतोडीला निघालेले कुटुंब असो, तुमच्यासारखे फिरायला आलेले असोत, त्याच्या डोक्याला तेल घालतात, पाणी ओततात, घरी कोण आहे म्हणून विचारतात. मग त्याला बरोबर घेऊनच घरी जातात. तिकडे वर घराघरांत पाट मांडलेले असतात, आया तेलाची वाटी घेऊन बसलेल्या असतात. उशीर होतो. पण कुणी चिडत नाही, आणि दारात येऊन रस्ताही बघत नाही. आपला मुलगा आता कुठे आहे, ते त्यांना माहीत असते.