हैबतीने न काढलेली खोड

लहानग्यांनो, आणि लहानग्यांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार जुन्या काळातली. त्या काळी एका राज्यात चेंडू-काठीच्या खेळाचं लोकांना मोठं वेड होतं. टोकाला वाकवलेली काठी, बांबूच्या मुळापासून घासून गोल केलेला चेंडू, आणि मैदानाच्या दोन्ही अंगांना रोवलेले दोन दोन खांब. एवढ्यावर गावंच्या गावं दिवसभर उन्हात उभी राहत.

राजाचा स्वतःचा संघ राजधानीत खेळे. पण कोणताही तरुण खेळाडू थेट त्या संघात जात नसे. आधी त्याला दूरच्या एखाद्या ठाण्यावर धाडत. तिथल्या लहानशा संघात त्याने खेळावं, पडावं, हरावं, शिकावं, आणि तयार झाला की राजाच्या पारख्याने येऊन त्याला पाहावं, अशी रीत होती.

डोंगरातल्या अशाच एका ठाण्यावर हैबती नावाचा खेळाडू होता. तो डाव्या बाजूने खेळे. तरुणपणी तो एक मोसम राजधानीत खेळून आला होता. मग त्याला परत पाठवलं. का, ते कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून पारखी येणार म्हटलं की हैबती नवं मुंडासं बांधून मैदानात उतरे, आणि दर वेळी पारखी दुसऱ्याच कुणाला घेऊन जाई. हैबतीच्या कानांजवळचे केस पांढरे होऊ लागले होते. पाय मात्र अजून चपळ होते, आणि आशाही सुटली नव्हती.

एके वर्षी त्या ठाण्यावर शिदू नावाचा पोरगा आला. मेंढपाळाचा मुलगा. मेंढरांमागे उतारावरून धावून धावून त्याचे पाय असे झाले होते की चेंडू त्याच्या काठीला चिकटल्यासारखा पळे.

ठाण्याच्या संघाला एक म्हातारे वस्ताद होते. त्यांची नजर आता अधू झाली होती. माणूस दिसे, पण त्याची चाल नीट दिसत नसे. त्यांनी शिदूला हैबतीच्या हवाली केलं.

"याला तुझ्या घरी ठेव आणि तूच तयार कर," वस्ताद म्हणाले. "पोरात फार मोठं काही तरी आहे. ते बाहेर काढेल असा जाणता इथे तुझ्याशिवाय कोणी नाही."

या बोलण्यात हैबतीचाही मान होता. पण हैबतीच्या मनात राहिलं ते एवढंच, की पोरात फार मोठं काही तरी आहे.

शिदू घरी राहायला आला. सकाळी उठून तो विहिरीवरून पाणी आणी, हैबतीची काठी तेल लावून पुसून ठेवी. हैबतीला तो दादा म्हणे आणि त्याच्या प्रत्येक शब्दाला मान हलवी. त्याच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि हैबतीला तेच जास्त खुपत होतं.

हैबतीला एक लहान मुलगी होती. बापाची काठी खांद्यावर घेऊन मैदानापर्यंत त्याच्यासोबत चालत जायची तिला सवय होती. महिनाभराने तिने शिदूची काठी उचलली. बापाची काठी दाराशीच राहिली. ती आपण स्वतः उचलून हैबती मुकाट्याने दोघांच्या मागून चालू लागला. वाटेत पोरीच्या हसण्याचा आवाज येत होता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मैदानावरही तसंच होऊ लागलं. पूर्वी चेंडू डावीकडे आला की लोक हैबतीचं नाव घेत. आता चेंडू कुठेही असो, लोक शिदूला शोधत. एकदा हैबतीने अवघड कोनातून चेंडू खांबांमधून काढला, तेव्हा जवळचाच एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता की शिदू आज का मागे राहिला. हैबतीने ते ऐकलं आणि उरलेला खेळ तो कसा खेळला हे त्याचं त्यालाच आठवेना.

शिदूमध्ये एक खोड होती. चेंडू काठीला लागला की तो मान खाली घालून पळे. समोर कोण येतंय, बाजूला आपला कोण मोकळा आहे, हे तो पाहत नसे. आसपासच्या कच्च्या संघांपुढे ते चालून जाई, कारण त्याला गाठेल असं तिथे कोणी नव्हतं. पण मोठ्या मैदानावर मान खाली घालून पळणाऱ्याचं काय होतं, ते हैबतीने राजधानीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याने ती खोड पहिल्याच आठवड्यात हेरली होती. सांगतो, उद्या सांगतो, असं त्याने स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

मग एका संध्याकाळी शिदूनेच विचारलं, "दादा, माझं काही चुकतं का? चुकत असेल तर मारा, पण सांगा."

हैबतीने त्याच्याकडे पाहिलं. घामाने डबडबलेला, शिकायला आसुसलेला चेहरा होता. अगदी असाच चेहरा घेऊन आपण एकदा राजधानीला गेलो होतो, हे त्याला आठवलं. त्या आठवणीने खरं तर त्याचं मन मऊ व्हायला हवं होतं. ते कडू झालं.

"तुझी नजर चेंडूवर पक्की आहे," तो म्हणाला. "तीच तुझी ताकद. काहीही झालं तरी चेंडूवरून नजर हलवू नकोस."

शिदू त्याच्या पाया पडला. त्या दिवसापासून तो मान आणखीच खाली घालून खेळू लागला.

पुढे वस्तादांनी हैबतीला बोलावून विचारलं की पोरात काही कच्चं राहिलंय का, कारण आपल्याला आता दिसत नाही आणि पारखी यायचा आहे. हैबतीने सांगितलं की काही राहिलेलं नाही. वस्तादांनी समाधानाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात हैबतीला जड वाटला, पण शब्द त्याने परत घेतला नाही.

पारखी आला तो थंडीच्या शेवटी. शेजारच्या खोऱ्यातल्या तगड्या संघाशी सामना होता. दोन्ही संघ बरोबरीत होते आणि खेळ संपत आला होता. तेवढ्यात शिदूला चेंडू मिळाला.

तो सुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. समोरचे सगळे त्याच्यावर धावून गेले आणि डावी बाजू मोकळी पडली. तिथे हैबती उभा होता, खांबांच्या अगदी पुढ्यात, एकटा. असा चेंडू आयुष्यात क्वचितच मिळतो. पारख्यासमोर तर नाहीच.

"शिदू, इकडे!" हैबती ओरडला.

शिदूने मान वर केली नाही.

समोरच्या संघाचा एक धिप्पाड गडी आडवा आला. शिदू त्याच्यावर पूर्ण वेगाने आदळला. हाड मोडल्याचा आवाज कडेच्या लोकांनाही ऐकू आला.

ठाण्याचा संघ सामना हरला. शिदूला खांद्याला फळ्या बांधून घरी आणलं. पारखी निघण्यापूर्वी हैबतीजवळ आला. तो म्हणाला, की राजसंघातला डावीकडचा खेळाडू आता थकला आहे, आणि या खेपेस आपण त्या जागेसाठी माणूस पाहायला आलो होतो. पोराला अजून दोन वर्षं इथेच ठेवायचं हे आधीच ठरलेलं होतं.

"तुम्ही जागा अचूक धरली होती," तो म्हणाला. "पण चेंडूच तुमच्याकडे आला नाही, मग मी राजाला काय सांगू? या पोराला मान वर करायला कोणी शिकवलंच नाही का?"

पारखी घोड्यावर बसून गेला.

हैबती घरी आला. मुलगी शिदूच्या उशाशी बसली होती. हैबतीला पाहून शिदूने उठायचा प्रयत्न केला, पण त्याला उठवेना.

"दादा, तुम्ही हाक मारलीत तशी माझी नजर चेंडूवरून हलली," तो म्हणाला. "थोडीशीच हलली, पण हलली. तुम्ही शिकवलेलं मी पाळलं नाही, म्हणून असं झालं. माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं."

हैबती खाली बसला. पोराने शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या सहज ऐकून घेतल्या असत्या. हे मात्र त्याला ऐकवेना. मग त्याने मुलीसमोरच सगळं सांगितलं. खोड कधी दिसली, ती का सांगितली नाही, आणि उलटं का सांगितलं, ते सगळं. एकही गोष्ट त्याने कमी करून सांगितली नाही.

शिदू ऐकत राहिला. मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

वस्तादांनाही हैबतीने जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की माझ्या डोळ्यांचं काम मी तुझ्यावर सोपवलं होतं. त्यानंतर त्यांनी कुठलाही नवा पोरगा हैबतीकडे दिला नाही.

खांदा जुळला तसा शिदू दुसऱ्या ठाण्यावर निघून गेला. तिथे त्याला मान वर करून खेळायला नव्याने शिकावं लागलं. मुरलेली सवय मोडायला फार दिवस गेले, पण तो चिवट होता. अखेर तो राजसंघात पोहोचला. डावीकडे त्याच्या जोडीला कुणी तिसराच खेळत होता.

एकदा राजसंघ त्या डोंगरवाटेने जात असता शिदू ठाण्यावर थांबला. तो वस्तादांच्या पाया पडला. हैबतीच्या मुलीसाठी त्याने नवी काठी आणली होती, ती तिला दिली. हैबतीला त्याने हात जोडून नमस्कार केला. हैबतीने जेवायला थांबण्याचा आग्रह केला, पण उशीर होतोय असं सांगून शिदू पुढे निघाला. हैबती वाटेवर उभा राहून पाहत होता. शिदू सरळ समोर बघत चालला होता.

मुलांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: दुसऱ्याची वाट अडवायला जो उभा राहतो, त्याची स्वतःची वाटही तिथेच संपते.