बाणाचे लाड

मेंढ्या माणसांशी बोलायच्या त्या काळी मायाप्पा धनगराच्या कळपाच्या राखणीला बाणा नावाचा शिकारी कुत्रा होता. पोट आत गेलेलं, पाय लांब, वाऱ्याला मागे टाकणारा. दिवसभर पळून आला की ताकात कुस्करलेली बाजरीची भाकरी आणि एक हाडूक, एवढाच त्याचा खुराक.

एकदा त्याने लांडग्याला दोन कोस पिटाळलं. त्या दिवसापासून मायाप्पा त्याला आपल्याच ताटातला तूप-गुळाचा मलिदा भरवू लागला. त्याचं बघून पालावरच्या बायकाही कौतुकाने भरवू लागल्या. बाणा मागायचा नाही, पण नको असंही म्हणायचा नाही.

पावसाळा सरला आणि एका भरदुपारी तोच लांडगा आला. मलिदा खाऊन पेंगलेला बाणा उठला, दहा ढांगा धावला आणि धापा टाकत खाली बसला. लांडगाच थबकला. "अरे, तुला झालं तरी काय?" त्याने चकित होऊन विचारलं. मग समोरचं कोकरू तोंडात धरून तो निघून गेला. तोही चालत!

मायाप्पा कोकराच्या आईकडे वळला. "याला मी एक दिवसही उपाशी ठेवलं नाही गं!"



"धनी, लांडग्याने माझं कोकरू आज नेलं," मेंढी म्हणाली. "आमचा राखणदार मात्र तुम्ही रोज एकेक घास भरवून नेलात."